ऑफिसची पावसाळी सहल: पुण्याहून भंडारदरा, एक मुक्काम

जुलै लागला की प्रत्येक ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतंच, "यंदा कुठेतरी जाऊन येऊ या." संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडतो, त्याला ढग आणि छत्री लावलेलं नाव पडतं, तीसेक जण 'मी नक्की' म्हणतात आणि गाडी, हॉटेल, पैसे, पाऊस, साहेबांचा मूड ही सगळी कामं हळूच एकाच्या गळ्यात पडतात. हे त्या एकासाठी लिहिलंय.

उदाहरणाला भंडारदरा घेतलंय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला धरण, धबधबे, जुनं देऊळ, भाताची खाचरं आणि ढगात बुडालेले डोंगर हे सगळं बसमधून उतरून बघता येतं. गुडघे दुखणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडम आणि नुकतीच चिकटलेली इंटर्न मंडळी एकाच सहलीत रमतील अशा जागा थोड्याच असतात, त्यातली ही एक. तुम्ही ताम्हिणी, माळशेज किंवा आंबोली ठरवलं असलं तरी कामांचा क्रम हाच राहील.

सुरुवात परतीपासून

काय काय बघायचं याची यादी करून बहुतेक आयोजक सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. पावसाळ्यात पहिला प्रश्न एकच: गाडी शेवटच्या माणसाला घराजवळ किती वाजता सोडणार? तिथून उलटं मोजत यायचं.

रविवारी संध्याकाळी साडेसात ही पुण्यात पोचायची वेळ धरा. सोमवारी ऑफिस आहे आणि काहींना पुढे हडपसर, धायरी, वाघोली गाठायची आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर रविवारी संध्याकाळी चाकणला वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात, तिथे तासभर जादा ठेवा. शेंडी, म्हणजे धरणालगतचं गाव, ते पुणे हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसात बसला चहाच्या थांब्यासकट पाच तास सहज लागतात. म्हणजे शेंडीहून दीड वाजता गाडी हललीच पाहिजे, जेवण साडेबारालाच मांडलं पाहिजे आणि रविवारी सकाळचं फिरणं बाराला संपलं पाहिजे. हे मांडलं की रविवारी एकच मोठी जागा बसते हे आपोआप कळतं, आणि 'कळसूबाई पण करू या ना' म्हणणाऱ्याला हाच हिशोब दाखवता येतो.

उजेडाचीही गोष्ट आहे. जुलैत पंचांगातला सूर्यास्त सव्वासातच्या सुमाराचा असला, तरी डोंगरात ढग उतरले की साडेसहालाच काळोखतं. अनोळखी वळणांच्या अरुंद रस्त्यावर तेव्हा बस असू नये. पहिल्या दिवशीही सहाच्या आत मुक्कामी.

तारीख ठरवताना कॅलेंडर नीट बघा, भिंतीवरचं

जूनचा भरवसा नाही. जुलैत पाऊस खरा, पण धुकं इतकं की धरण समोर असून दिसत नाही. माझं मत विचाराल तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा: धबधबे भरलेले, मधूनच उघडीप, खाचरं हिरवीगार. पण भिजायलाच जायचं असेल तर जुलैला तोड नाही. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असते, चिखलात वाकलेल्या बायकांच्या पाठीवर प्लॅस्टिकची खोळ असते आणि सगळ्या शिवाराला ओल्या मातीचा वास असतो.

१५ ऑगस्टचा जोडून आलेला सुट्टीचा आठवडा टाळा. धरण बहुतेक वर्षी त्याच सुमारास भरत आलेलं असतं, त्यामुळे पुणे, नाशिक आणि मुंबई तिन्हीकडची गर्दी एकाच वेळी तिथे उतरते. ऑफिस परवानगी देत असेल तर शुक्रवार-शनिवार करा. खोल्या स्वस्त मिळतात, रस्ते मोकळे असतात आणि रविवार कपडे वाळवायला राहतो.

श्रावण कधी लागतो हे आधी बघा. आषाढातल्या सहलीत निम्मं ऑफिस गावरान कोंबडीसाठी येतं. श्रावणात त्याच लोकांना ती चालत नाही. शिवाय श्रावणी शनिवारचा उपास धरणारे असतात, चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेले असतात, आणि एखाद्या जैन सहकाऱ्याला बटाटाभजीही चालत नाही. हे सगळं नावं घेतानाच एका ओळीत विचारून घ्या. जेवणाच्या वेळी कळलं तर हॉटेलवाल्याच्या हातात वरण-भाताशिवाय काही नसतं.

डोकी आणि पैसे

'कोण कोण येणार' या मतदानावर गाडी ठरवू नका. बोटं वर करायला पैसे पडत नाहीत. ज्याने आगाऊ रक्कम भरली तो आला असं धरा. रक्कम अशी ठेवा की सोडून देताना जिवावर यावं, साधारण एकूण खर्चाच्या निम्मी. भरायची शेवटची तारीख एकच द्या आणि ती पुढे ढकलू नका. 'नंतर रद्द केलं तर गाडीचा वाटा परत मिळणार नाही, जेवणाचा मिळेल' हे वाक्य पहिल्याच दिवशी ग्रुपवर टाकलं की पुढचं भांडण वाचतं.

खर्चाचे दोन भाग करा: डोक्यांनुसार न बदलणारा, म्हणजे गाडी, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता, आणि बदलणारा, म्हणजे खोली, जेवण, नाश्ता. दोघंतिघं गळले तर माणशी किती वाढेल हे त्यावरून लगेच सांगता येतं. एकूण रकमेवर दहा टक्के वर धरा. कंपनी पैसे देणार असेल तर हॉटेल आणि गाडीवाला दोघंही जीएसटी बिल देतात ना, हे ठरवतानाच विचारा. साध्या कागदावर लिहिलेलं बिल अकाउंट्सवाले परत पाठवतात आणि मग ते पैसे तुमच्याच खिशातून गेलेले असतात.

पैसे एकाने गोळा करावेत आणि वाटेत खर्च दुसऱ्याने करावा. एकाच माणसाला दोन्ही दिलं की त्याची सहल होत नाही. रोख रक्कम संगमनेरलाच काढून ठेवा. पुढे रतनवाडीकडे, म्हणजे धरणाच्या तलावाच्या वरच्या टोकाच्या गावाकडे, नेटवर्क येत-जात राहतं आणि भज्यांच्या टपरीवर यूपीआय फिरत बसतं.

गाडी

सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, सव्वीस-सत्तावीस आसनी मिनीबस आणि पन्नास आसनी मोठी बस असे तीन पर्याय साधारण मिळतात. मोठी बस शेंडीपर्यंत सुखाने जाते. तिथून रतनवाडीकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून दुसरी मोठी गाडी आली की दोघांचेही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांना हात करत बसतात. चाळीस माणसं असतील तर एका मोठ्या बसपेक्षा दोन लहान गाड्या घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण एक बंद पडली तर दुसरी असते.

भाव विचारताना किलोमीटरच्या दराबरोबर 'रोजचे किमान किती किलोमीटर' हे विचारायलाच हवं. बाहेरगावच्या भाड्याला रोजचे किमान ३०० किलोमीटर ही अट सर्रास असते. दोन दिवसांचे ६०० झाले. तुमचं प्रत्यक्ष फिरणं साडेचारशेच्या आत असलं तरी पैसे ६०० चेच. म्हणून दोन दिवसांच्या सहलीला अगदी जवळची जागा निवडून गाडीत फारसे पैसे वाचत नाहीत. मीटर गॅरेजपासून मोजणार की तुमच्या ऑफिसपासून, टोल-पार्किंग कुणाचं, ड्रायव्हरचा भत्ता किती, रात्री त्याच्या झोपायची सोय कुणी करायची, हे सगळं मेसेजवर लिहून घ्या. बोलण्यातलं विसरलं जातं.

गाडी पिवळ्या नंबरप्लेटची, म्हणजे भाड्याने चालवायचा परवाना असलेलीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झालाच तर विमा कंपनी नेमकं तेवढंच विचारते. फिटनेस, विमा आणि परवाना यांचे फोटो आदल्या आठवड्यात मागवा. देताना जो गाडीवाला कुरकुर करतो त्याला सोडून द्या. जमलं तर गाडी प्रत्यक्ष बघा, आणि बघताना एसीपेक्षा टायरची नक्षी, वायपर आणि काचेवरचं बाष्प घालवणारा पंखा चालतो का हे बघा. धुक्यात वायपरचं रबर फाटलेलं असलं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकतो.

ड्रायव्हरकाकांना रात्री नीट खोली आणि आपल्याबरोबरचंच जेवण द्या. अनेक ठिकाणी त्यांना गाडीतच झोपायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पाच तास ओल्या रस्त्यावर चाळीस जणांना घेऊन निघतो. 'पुढे जाऊ नये' असं त्यांनी म्हटलं तर वाद घालायचा नाही, साहेबांनीसुद्धा.

मुक्काम, आणि स्वच्छतागृह

शेंडीत आणि धरणाच्या भोवती एमटीडीसीच्या, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाच्या, निवासापासून घरगुती राहण्यापर्यंत बरीच सोय आहे. वरच्या गावांत पावसाळ्यातही तंबू लावून देतात. तंबू मित्रांच्या टोळक्याला ठीक, ऑफिसला नको. रात्री पावसाने झोडपलं, खालून पाणी आलं की सगळे एका पडवीत दाटीवाटीने बसून सकाळची वाट बघतात.

फोनवर विचारायच्या गोष्टी: किती खोल्यांमागे किती संडास-बाथरूम, लाइट गेली तर इन्व्हर्टर की जनरेटर, गरम पाणी सोलरवर की गॅसवर (ढगाळ आठवड्यात सोलरचं पाणी कोमटसुद्धा नसतं), ओले कपडे टांगायला झाकलेली जागा आहे का, आणि खोल्यांच्या दारांना आतून कड्या नीट लागतात का. महिला सहकाऱ्यांच्या खोल्या एकाच मजल्यावर, एकमेकींना लागून घ्या.

पुरुष आयोजकांच्या नजरेतून हमखास सुटते ती वाटेतली सोय. 'कुठेतरी थांबू' हे बायकांसाठी उत्तर होत नाही. कितीजणी सहलीला यायचंच टाळतात याचं कारण अनेकदा तेवढंच असतं, पण ते ग्रुपवर कुणी लिहीत नाही. दर दोन तासांनी, स्वच्छतागृह बरं असलेलं हॉटेल आधी ठरवा आणि वेळापत्रकात ते नावानिशी लिहा: नारायणगाव ते आळेफाट्यादरम्यान नाश्ता, संगमनेरला चहा, मग थेट मुक्काम. तलावाभोवतीच्या रतनवाडी-घाटघर फेरीच्या दिवशी हॉटेलातूनच निघताना सगळ्यांना सांगा, की पुढचे तीन तास भरवसा नाही. गाडीत टिश्यू, हातसाबण, सॅनिटरी पॅड आणि कागदी पिशव्या असलेली एक पिशवी ठेवा, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असू द्या, म्हणजे कुणाला मागायला लागू नये.

जेवणात पनीर बटर मसाल्याचा आग्रह धरू नका. तो पुण्यात रोज आहे. इंद्रायणी तांदळाचा भात, पिठलं, भाकरी, ठेचा, आणि मिळालीच तर कुरडू, भारंगी, कर्टुली यांसारखी पावसाळी रानभाजी सांगा. रानभाजी ताटात हवी असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण ती कुणालातरी सकाळी रानात जाऊन खुडून आणायची असते.

जायचं की नाही, हे गुरुवार-शुक्रवारी ठरतं

भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय पिवळा, नारंगी, लाल असे इशारे देतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस, अशी त्यांची प्रतवारी आहे. भंडारदऱ्याच्या बाबतीत यात एक खोच आहे. अहिल्यानगर जिल्हा प्रचंड पसरलेला आहे आणि त्याचा बराचसा भाग दुष्काळी. पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीत धो धो कोसळत असताना जिल्ह्याच्या पूर्वेला ऊन असतं. म्हणून नुसता जिल्ह्याचा रंग बघून फसायला होतं. त्याबरोबर 'नाशिक घाट' आणि 'पुणे घाट' या भागांचे इशारेही बघा. इगतपुरी-घोटीचा पट्टा भंडारदऱ्याला लागूनच आहे. तिथे नारंगी असेल तर इथेही तसंच समजा.

माझा नियम साधा आहे. लाल असेल तर रद्द, चर्चा नाही. नारंगी असेल तर मुक्कामी जायचं, पण रतनवाडी-घाटघर फेरी वगळायची. पिवळा असेल तर ठरल्याप्रमाणे. शुक्रवारी दुपारचं हवामान बुलेटिन आलं की निर्णय कळवायचा आणि मग आपलं तोंड बंद. हॉटेलशी बोलताना 'इशाऱ्यामुळे आलो नाही तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती होईल' हे आधीच कबूल करून घ्या. डोंगरातल्या हॉटेलवाल्यांना पाऊस आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो, ते बहुधा मान्य करतात.

हॉटेलमालकाला शुक्रवारी फोन करून दोन गोष्टी विचारा: रस्ता कुठे खचलाय का, आणि धरणातून विसर्ग चालू आहे का. शिवाय जिल्हाधिकारी गर्दीच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश काढतात, हल्ली ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असतात. ती बातमी शोधून ठेवा. नाक्यावरून परत फिरवलं की पोलिसांशी हुज्जत घालणारा एकजण प्रत्येक ऑफिसात असतोच.

ग्रुपवर टाकायचा मेसेज

सूचनांची पीडीएफ कुणी उघडत नाही. हे असंच चिकटवा:

"शनिवारी पहाटे ५.३० ला ऑफिसच्या गेटवरून गाडी सुटेल, ५.३५ ला नाही. शेवटचा थांबा नाशिक फाटा, ६.००. जीन्स घालू नका, ओली झाली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या घासतात. ट्रॅक पँट चालेल. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा खाचांचा तळ असलेले बूट, स्लीपर नको. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग सॅकमध्ये. रेनकोट आणा, डोंगरात वाऱ्याने छत्री उलटी होते. टॉर्च, पॉवर बँक, टॉवेल, आपली रोजची औषधं. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या, लाजू नका. दागिने घरी. रक्तगट आणि घरच्यांचा नंबर मला वैयक्तिक पाठवा."

बूट ओले झाले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, तासाभराने बदलायचे. म्हणून गाडीत रद्दीचा एक गठ्ठा टाका. तिचा उपयोग सीटवर अंथरायलाही होतो, आणि तुम्हाला नंतर गाडी धुण्याचे पैसे पडत नाहीत.

शनिवार

पहाटे निघण्याचा सगळा फायदा चाकण गर्दीआधी ओलांडण्यात आहे. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, मग चंदनापुरी घाट उतरून संगमनेर, तिथून डावीकडे अकोले, राजूर. बोट्याहून ब्राह्मणवाडा-कोतूळमार्गे नकाशात जवळचं दिसतं, रस्ता देखणाही आहे, पण बस असेल तर संगमनेरचाच धरा.

अकोले सोडलं की बाहेरचं चित्र बदलतं. ऊस आणि कांद्याची शेतं मागे पडतात, राजूरनंतर भातखाचरं सुरू होतात आणि काचेवरचा पाऊस तिरका होतो. गाण्यांच्या भेंड्या इथे आपसूक थांबतात. थांबू द्या.

रंधा धबधबा राजूर-शेंडी रस्त्यावरच, शेंडीच्या अलीकडे सुमारे दहा किलोमीटरवर आहे. तो जातानाच बघून घ्या. मुक्कामी जाऊन, जेवून, परत उलटं येण्यात दीड तास फुकट जातो. प्रवरा नदी इथे सुमारे १७० फूट खाली घळीत कोसळते, शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे. कठडे आहेत, त्यांच्या आतूनच बघायचं. तिथल्या पाण्याचा संबंध फक्त त्या दिवशीच्या पावसाशी नसतो, तर वर भंडारदरा धरणातून किती क्युसेकने पाणी सोडलंय यावर सारा खेळ असतो. ते पाणी रंध्यावरून पुढे निळवंडे धरणात जातं. रंध्याला लख्ख ऊन असतानाही वरून विसर्ग वाढला की पाणी चढतं. त्यामुळे 'पाऊस थांबलाय, जरा खाली उतरू या' हा तर्क इथे लागू नाही.

एकच्या सुमारास शेंडीत जेवण, मग तासभर विश्रांती. वेळापत्रकात ती लिहूनच टाका, कारण पहाटे चारला उठलेली माणसं तीनला चिडचिडी होतात आणि दोष सहलीला लागतो. चारला धरणाकडे चालत जा. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण ब्रिटिशांनी १९१० साली बांधायला घेतलं, १९२६ साली पूर्ण झालं. क्षमता ११ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) किंचित वर. धरणाच्या पायथ्याशी पाणी सोडलं की खडकावरून छत्रीसारखं पसरतं, तोच प्रसिद्ध अंब्रेला धबधबा. तो बारमाही नाही, आणि सुरक्षेसाठी आवार कधी बंदही ठेवतात. गेटवर विचारा, नाही म्हणाले तर टपरीवर भजी आणि भाजलेलं कणीस खा, संध्याकाळ वाया जात नाही.

रात्रीसाठी टीम बिल्डिंगचे खेळ छापून आणू नका. फुगे फोडायला लोक इतक्या लांब येत नाहीत. पडवीत खुर्च्या, समोर पाऊस, चहाचं थर्मास एवढं पुरतं. ज्यांना पत्ते हवेत ते पत्ते काढतीलच.

दारू, आणि ऑफिस म्हणजे काय

हा विषय आधीच उघड बोलून टाका, नाहीतर तो गाडीच्या डिकीतून येतो. सहल कंपनीच्या नावाने किंवा कंपनीच्या गाडीने असेल, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथेही लागू होतो. कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरवलेलं वाहन ही दोन्ही त्यात 'कामाची जागा' धरली आहेत. म्हणून रात्री अकरानंतर कुणी कुणाच्या दारावर 'गंमत' म्हणून थापा मारायच्या नाहीत, ओल्या कपड्यांतले फोटो विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचे नाहीत. हे सांगणं आयोजकाला अवघड जात असेल तर वरिष्ठ सहकाऱ्यांपैकी एका बाईंना आणि एका पुरुषाला सांगायला लावा. गाडीत दारू नको, धबधब्याजवळ तर अजिबात नको. आणि हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, हेही लक्षात असू द्या.

रविवार: रतनवाडी, आणि धीर धरला तर घाटघर

साडेसातला नाश्ता, आठला गाडी. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती फाडा. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभेमार्गे रतनवाडीला पाऊण ते एक तास लागतो. डावीकडच्या कड्यांवरून इतके धबधबे उतरत असतात की पहिल्यावर गाडी थांबवली तर पुढच्या प्रत्येकावर थांबवावी लागते. दोनच थांबे आधी ठरवा, तेही रस्ता रुंद आहे तिथेच.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर शिलाहारकालीन मानलं जातं. रतनगडाच्या पायथ्याशी, काळ्या दगडात, जवळ कोरीव देवळ्यांची पुष्करणी. मुसळधार पावसाच्या दिवसांत गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी त्याखाली जाते. पायऱ्यांवर शेवाळ असतं, वयस्कर मंडळींना हात द्या. इथे घाई करू नका, खरं तर रविवार याच्यासाठीच ठेवलाय. खांबांवरचं कोरीवकाम बघायला अर्धा तास पुरत नाही, आणि बाहेर गावातल्या एखाद्या घरी सांगून ठेवलं असेल तर कोरा चहा मिळतो.

पुढे साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत करत तलावाला पूर्ण वळसा घालून शेंडीला येता येतं. घाटघरचा कोकणकडा मोकळा असला तर खाली कोकण दिसतं, धुक्यात मात्र कठड्यापलीकडे पांढरी भिंत. रतनवाडीहून निघताना ढग खाली असतील तर सरळ मागे फिरा. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात विसरा. ती घळ म्हणजेच पाण्याची वाट आहे. कळसूबाईसुद्धा, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, ऑफिसच्या मिश्र गटाला पावसात नेण्याची जागा नव्हे. ओल्या लोखंडी शिड्यांवर पुढे-मागे रांग लागते आणि वर गेलेल्याला लवकर खाली येता येत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी हिवाळ्यात वेगळं जावं.

खाचरांच्या बांधावर फोटोसाठी चढू नका. बांध फुटला की पाणी निघून जातं आणि लावलेलं रोप उघडं पडतं. शेतात कुणी दिसलं तर आधी 'राम राम मावशी' आणि मग कॅमेरा, तोही विचारून.

पाण्याजवळ

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढलं तेव्हा ते प्रवाहाच्या मधोमध उभे होते. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी लोक सहलीलाच आले होते.

डोंगरी ओढ्याचं पाणी वाढताना खुणा देतं. स्वच्छ पाणी गढूळ होतं, काटक्या-पानं येऊ लागतात, आवाज जड होतो. यातली एक खूण दिसली तरी लगेच काठावर, चपला-मोबाइल गोळा करत बसायचं नाही. तळ दिसत नाही तिथे पाय टाकायचा नाही. पोहता येतं हा मुद्दा इथे नाहीच, ओढ्यात माणूस दगडावर आपटून जातो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ड्रायव्हरला 'जाईल की' म्हणू नका. जुन्या साकवावर एका वेळी सगळे नको. आणि दोघांना 'काठावरचे' नेमा, त्यांनी भिजायचं नाही, फक्त डोकी मोजायची. ही पाळी दर थांब्यावर बदला, म्हणजे कुणावर अन्याय नाही.

अडचण आली तर

११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर सगळ्यांना तोंडपाठ असतात. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ फारसा कुणाला ठाऊक नसतो, तो लिहून ठेवा. जवळचं ग्रामीण रुग्णालय राजूरला, मोठी रुग्णालयं संगमनेरला. नेटवर्क नसेल तेव्हा हॉटेलमालकाचा माणूस दुचाकीवरून जास्त लवकर पोचतो, म्हणून त्याच्याशी पहिल्या दिवशीच ओळख करून ठेवा.

साप चावला तर चिरा देणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही नको. माणसाला हलू न देता आडवं ठेवून रुग्णालयात, आणि निघतानाच फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का विचारायचं. घसरून खरचटलं असेल तर जखम साबणाने धुऊन कोरडी झाकायची, चिखलाच्या पाण्यातून लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना सहलीचं सांगायला हवं, आणि हे वाक्य सोमवारी ग्रुपवर टाकायलाच हवं.

परत आल्यावर

गाडीतून कचऱ्याची पिशवी पुण्यातच उतरवा, शेंडीच्या कुंडीत सोडू नका, तिथून ती कुठे जात नाही. कुणाला कुठे सोडलं याची खूण करत जा. रात्री उशीर झालाच तर एकट्या राहणाऱ्या सहकारिणीला सोसायटीच्या दारापर्यंत सोडा आणि 'पोचले' असा मेसेज आल्यावरच यादी बंद करा. हिशोब मंगळवारच्या आत, पावत्यांच्या फोटोंसकट, ग्रुपवर. उरलेले पैसे पुढच्या सहलीसाठी ठेवू या, असं कुणीतरी म्हणेल. ऐकू नका, ज्याचे त्याला परत करा.